आवृत्तीचा अंक आणि अंगचे सामर्थ्य



आपल्या शहरात इतिहासावर बोलावयास कोणी उभा राहिला म्हणजे देवगिरीचा किल्ला, मलिक अंबरची नहर, पाणचक्की यांचा उल्लेख होणार असे श्रोते धरूनच चालतात. आज मात्र मी फार अलीकडच्या आणि सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या एका वस्तूचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे. संगणकाच्या प्रोग्रामात लिहिलेली एक-दोन ओळींची अट, एवढीच ती वस्तू. ती अट विचारते, "तुझी आवृत्ती कितवी?" उत्तर पसंत पडले तर काम पुढे चालते, न पडले तर तेथेच खुंटते. हा साधा प्रश्न चुकीच्या रीतीने विचारल्यामुळे जगभरच्या यंत्रांचा किती खोळंबा झाला, आणि तो नीट कसा विचारावा हे लोक कसकसे शिकत गेले, हा आजचा विषय.

विषय परका वाटू नये म्हणून आरंभ आपल्या रेल्वेपासून करू. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे झाली आणि १९०० साली आपल्या गावी आगगाडी आली. हा रस्ता मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर. मनमाडहून मुंबईस जाणारा जी. आय. पी. कंपनीचा रस्ता ब्रॉडगेजचा, साडेपाच फुटांचा. मुंबईकडचा डबा मनमाडच्या पुढे आपल्याकडे येऊच शकत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे, उतारूंना गाडी बदलावी लागे. अशा स्थितीत 'ब्रॉडगेजचा डबा येथून पुढे सोडू नये' असा नियम पाळणे हे शहाणपणच होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. आता अशी कल्पना करा की, रूळ बदलले, पण नियमाचा कागद कोणी बदलला नाही, आणि तो कागद हाती धरून कारकून डबा अडवून बसला. रूळ मोकळे, डबा धड, इंजिन तयार. अडवणूक आहे ती फक्त कागदाची. रेल्वेत असे घडावयाचे नाही, कारण रूळ बदलणारा आणि नियम लिहिणारा एकाच खात्यातला असतो. संगणकाच्या क्षेत्रात मात्र रूळ घालणारा एका खंडात आणि नियम लिहिणारा दुसऱ्या खंडात बसलेला असतो. दोघांची गाठही पडलेली नसते. म्हणून तेथे असले डबे वारंवार अडतात.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे. पहिला शब्द कंपायलर. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम घेऊन तो यंत्राच्या आकड्यांच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषी, तो कंपायलर. दुसरा शब्द लायब्ररी. येथे पुस्तकांचा संबंध नाही. कोणी तरी आधीच लिहून, पारखून ठेवलेल्या आणि इतरांनी आपल्या प्रोग्रामात जशाच्या तशा वापरावयाच्या तुकड्यांचा संच, त्याला लायब्ररी म्हणतात. दूरच्या यंत्राशी जोडणी करणे, निरोप पाठविणे, आलेला निरोप उलगडणे, ही कामे करणारा संच म्हणजे नेटवर्किंगची लायब्ररी. आपण मोबाइलवरून विजेचे बिल भरतो तेव्हा अशी एखादी लायब्ररी पडद्यामागे राबत असते.

आता थोडा पूर्वेतिहास. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी 'ए-०' नावाचा प्रोग्राम तयार केला. कंपायलर हा शब्द या कामी रूढ झाला तो तेव्हापासून. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीत फोरट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी बनावटीचा 'टिफ्रॅक' संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६४ साली त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या काळी प्रत्येक कारखानदाराच्या यंत्राची फोरट्रान थोडी थोडी निराळी असे. १९६६ साली अमेरिकेत फोरट्रानचे प्रमाणीकरण झाले. परंतु प्रमाण ठरले म्हणून सारे कंपायलर एका दिवसात प्रमाणाबरहुकूम होत नाहीत. कोणी आज होतो, कोणी चार वर्षांनी होतो, कोणी अर्धाच होतो. 'तुझी आवृत्ती कितवी?' या प्रश्नाचे मूळ येथे आहे. तो प्रश्न मुळात वावगा नाही, हे ध्यानात ठेवावे.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'जी.सी.सी.' हा कंपायलर सर्वांना मोफत आणि मोकळा करून दिला. कोणीही तो वाचावा, सुधारावा, वाटावा. या कंपायलरशी महाराष्ट्राचा संबंध नुसता वापरण्यापुरता नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जी.सी.सी.च्या अभ्यासाचे एक स्वतंत्र केंद्रच चालले. त्याच्या पोटातील लाखो ओळींची रचना उलगडून दाखविणाऱ्या कार्यशाळा तेथे झाल्या. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमातून सी आणि सी++ या भाषांचे प्राथमिक धडे मराठीतही ऐकावयास मिळतात.

जाळ्याचा इतिहासही याच सुमारास मुंबईतून जातो. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे टी.सी.पी./आय.पी. या नव्या नियमावलीवर गेले. आपल्या देशात १९८६ साली अर्नेटचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात मुंबईची एन.सी.एस.टी. ही संस्था व आय.आय.टी. या दोघी आघाडीवर होत्या. एन.सी.एस.टी.चे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले केले.

कंपायलर आणि जाळे या दोन प्रवाहांचा संगम झाला तेथे आपल्या विषयाला खरा रंग चढतो. ख्रिस्तोफर कोलहॉफ यांनी २००३ पासून सी++ भाषेसाठी 'असिओ' नावाची नेटवर्किंग लायब्ररी रचली. २००८ साली ती 'बूस्ट' या प्रख्यात संग्रहात सामील झाली. २०११ साली सी++ भाषेचे नवे प्रमाण आले आणि त्यात अनेक सोयी आल्या. त्या सोयी ज्या कंपायलरला येतात त्याच्यावर असिओ आपल्या पायावर उभी राहते. ज्याला येत नाहीत त्याच्यावर तिला बूस्टचा आधार घ्यावा लागतो. कोणाला काय येते हे ओळखण्यासाठी तिच्या एका फाइलीत कंपायलरचे नाव आणि आवृत्ती पाहणाऱ्या अटींची लांबलचक यादी आहे. अशी यादी ठेवणाऱ्या लायब्रऱ्या पुष्कळ आहेत. यादीतली एखादी अट चुकली तर काय होते, ते पाहा. कंपायलर नवा आहे, त्याला सर्व काही येते, पण अट म्हणते की येत नाही. लायब्ररी निमूटपणे जुन्या वाटेने जाते आणि 'बूस्टची फाइल सापडत नाही' अशी भलतीच तक्रार पुढे येते. बिचारा विद्यार्थी बूस्ट शोधीत बसतो. दुखणे पायाला आणि लेप कपाळाला, अशी त्याची गत होते.

अट चुकते कशी, याचे प्रकार मोजके आहेत. आणि प्रत्येक प्रकाराला इतिहासात दाखला आहे.

पहिला प्रकार हिशेबाच्या चुकीचा. समजा, भरतीसाठी उंची किमान चार फूट सहा इंच हवी असा नियम आहे. कारकुनाने त्याचे दोन तुकडे केले: फूट चार किंवा अधिक, आणि इंच सहा किंवा अधिक. आता पाच फूट एक इंच उंचीचा तरुण आला. फूट पाच, ठीक. इंच एक, नापास! उंच माणूस ठेंगणा म्हणून परत गेला. हुबेहूब हेच जी.सी.सी.च्या बाबतीत झाले. ४.६, ४.७, ४.८, ४.९ अशा आवृत्त्या निघत होत्या. कित्येक प्रोग्रामांत अट होती की मुख्य अंक ४ किंवा अधिक असावा आणि उपअंक ६ किंवा अधिक असावा. ४.९ पर्यंत कोणाला काही जाणवले नाही. एप्रिल २०१५ मध्ये ५.१ ही आवृत्ती आली आणि सर्वांत नवा कंपायलर या अटीच्या लेखी ४.६ हून जुना ठरला. चूक वर्षानुवर्षे तेथेच होती. ती उघडी पडावयास पाचाचा आकडा यावा लागला.

दुसरा प्रकार अंकाला अक्षर समजण्याचा. शब्दकोशाच्या क्रमाने लावले तर '१०' हा '९' च्या आधी येतो, कारण एक हा नऊच्या आधी. पायथन भाषेची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा आवृत्तीच्या मजकुराची पहिली तीनच अक्षरे पाहणाऱ्या प्रोग्रामांना ती ३.१ दिसली, म्हणजे तब्बल बारा वर्षांपूर्वीची. फ्रीबीएसडी या प्रणालीची दहावी आवृत्ती घडत असताना, 'एकने सुरू होणारी ती पहिली' असे मानणाऱ्या अटींनी तिला पहिल्या आवृत्तीच्या जागी बसविले आणि लायब्रऱ्या नीट बांधल्याच जाईनात.

या दोन प्रकारांनी बड्याबड्यांनाही नमते घ्यावयास लावले. विंडोज ९५ खरे म्हणजे चौथी आवृत्ती. पण जुन्या प्रोग्रामांच्या अटी चुकीच्या होत्या म्हणून ती त्यांना आपला क्रमांक ३.९५ सांगे. २०११ साली लिनक्सचा अंक २.६ वरून ३.० वर गेला, तेव्हा हटवादी प्रोग्रामांसाठी '२.६' असेच उत्तर देण्याची सोय त्यात करावी लागली. खरे उत्तर दिले तर दार उघडत नाही, म्हणून सज्जनाने खोटे सांगावे, अशी ही पाळी.

तिसरा प्रकार आपल्या मराठवाड्याला चटकन समजेल. निजामाच्या राज्यातील दप्तरात फसली सन चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, तो महिना फसली १३५७ मध्ये पडतो. कोणी नवखा माणूस इसवी सनाच्या हिशेबाने तो कागद वाचील, तर त्याला तो बहामनी काळातला वाटेल! आकडा खरा, पण कोणत्या शकाचा हे विचारले नाही. जाळ्यावरील गुप्तता राखणाऱ्या लायब्रऱ्यांत हेच घडले. 'ओपन-एस.एस.एल.' या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचे घातक छिद्र एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिची वेगळी शाखा काढली, ती 'लिब्रे-एस.एस.एल.'. या शाखेने आपला अंक २.० असा सांगावयास सुरुवात केली. मूळ लायब्ररीची १.१ ही आवृत्ती २०१६ साली आली आणि तिच्यातील अंतर्गत मांडणी बदलली. 'अंक १.१ हून मोठा असेल तर नवी मांडणी धरावी' अशा अटी लोकांनी लिहिल्या. २.० हा अंक मोठा खरा, पण ती नवी मांडणी शाखेत तेव्हा नव्हती. अटीने डोळे मिटून होकार दिला आणि प्रोग्राम फसले.

चौथा प्रकार याच्या उलट. एंटरप्राइझ लिनक्स बनविणाऱ्या रेड हॅटसारख्या कंपन्या आवृत्तीचा अंक न बदलता आतील दोष दुरुस्त करतात. हार्टब्लीडची दुरुस्ती झाल्यावरही त्यांच्या सहाव्या प्रणालीतील ओपन-एस.एस.एल. आपला क्रमांक १.०.१ई असाच सांगत राहिली. अंक पाहणाऱ्याने तिला सदोष म्हटले. वस्तुतः दोष गेला होता.

तर मग उपाय काय? १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' हे साधन लिहिले, त्यामागील विचार असा की, नाव-गाव विचारू नये, काम करून पाहावे. चार ओळींचा नमुना प्रोग्राम लिहून कंपायलरपुढे ठेवावा. त्याने तो पार पाडला तर सोय आहे, नाही तर नाही. गवंडी कामावर घेताना त्याचे वय विचारण्यापेक्षा हातभर भिंत बांधून घ्यावी, तशी ही रीत. पुढे सी++ च्या मंडळींनी प्रत्येक सोयीला स्वतंत्र खूण ठरवून दिली, आणि २०२० च्या प्रमाणात या खुणांना भाषेतच स्थान मिळाले. आता प्रोग्राम 'तू कोण?' असे न विचारता 'तुला हे येते का?' असे विचारू शकतो.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. जी.सी.सी.च्या ४.८ या आवृत्तीत मजकुराचे साचे ओळखणाऱ्या सोयीची फाइल होती, प्रोग्राम बांधलाही जाई. पण चालविला की कोलमडे. ती सोय खऱ्या अर्थाने ४.९ मध्ये आली. म्हणजे फाइल आहे एवढ्यावर विसंबू नये, चालवून पाहावे. शिवाय एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधावयाचा असला, तर चालवून पाहण्याची सोयच नसते. अशा ठिकाणी आवृत्तीचा अंक विचारण्यावाचून गत्यंतर नाही. अंक अजिबात विचारू नये असे म्हणणारा माणूस हा प्रश्न अर्धाच समजला आहे.

अंक विचारावयाचाच तर तो कसा, याचेही नियम अनुभवाने ठरले आहेत. फूट-इंचांचे आधी इंच करावे, मग तुलना करावी, जी.सी.सी.च्या माहितीपुस्तकात मुख्य अंकाला १०,००० ने आणि उपअंकाला १०० ने गुणून एकच संख्या करण्याची रीत सांगितली आहे. कोणाचा अंक, हे अंकाच्या आधी विचारावे. कारण क्लँग नावाचा निराळा कंपायलर जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून आपण जी.सी.सी. ४.२.१ आहो असे सांगतो, मग तो कितीही नवा असो. वरची मर्यादा घालू नये. पुढे येणारा आजच्यापेक्षा कमी जाणणार नाही असे धरावे, आणि खरोखरच काही बिघडले तर तेवढ्यापुरता अपवाद लिहावा. शेवटी, अट का घातली याचे कारण तिच्या शेजारी एका ओळीत नोंदवावे. मनमाडच्या आपल्या त्या काल्पनिक कागदावर 'पुढे मीटर गेज आहे म्हणून' एवढे शब्द असते, तर रूळ बदलल्यावर तो फाडून टाकावयास कोणालाही धीर झाला असता. कारण न लिहिलेला नियम मोडावयास भिणे हे माणसाला साहजिक आहे.

आता कोणी म्हणेल, ही तर कारागिरांची घरगुती भानगड. नागरिकांना तिचे काय? तिचे देणे नागरिकच भरतात. अट चुकली म्हणून नवी नेटवर्किंग लायब्ररी बांधता आली नाही, तर लोक जुनीच वापरीत राहतात. आणि जुन्या लायब्ररीतील माहीत झालेली छिद्रे चोराला माहीत असतात. सेंटओएस ७ ही प्रणाली २०१४ साली आली, तिचा कंपायलर ४.८ चा, आणि ३० जून २०२४ रोजी तिच्या दुरुस्त्या बंद झाल्या. अशा यंत्रांच्या मालकांना दोनच गोष्टी ऐकावयास मिळतात: नवे यंत्र घ्या, किंवा आहे त्यावर भागवा. पुष्कळदा यंत्र खरोखरच थकलेले असते. परंतु पुष्कळदा ते धडधाकट असून एका ओळीने त्याला म्हातारे ठरविलेले असते. यांतले खरे कोणते, हे पाहावयाचे म्हणजे ती ओळ उघडून वाचावी लागते. आणि मोकळ्या प्रोग्रामांची थोरवी ही की, ती वाचावयास कोणाची परवानगी लागत नाही. मुंबईच्या संशोधकाला जी ओळ दिसते, तीच पैठणच्या किंवा कन्नडच्या विद्यार्थ्यालाही दिसते. त्याने ती सुधारली आणि मूळ लेखकाकडे पाठविली, तर लिस्बन किंवा लिमाच्या कोणा अनोळखी माणसाचे अडलेले कामही सुटते.

आपल्या शहरात १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याच्या दोनच वर्षे आधी विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांतून आणि त्यांच्यानंतर निघालेल्या कित्येक महाविद्यालयांतून दर वर्षी मुले संगणकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडतात. त्यांना यंत्राने 'तुझी आवृत्ती चालत नाही' असे सांगितले की पुष्कळ जण ते ब्रह्मवाक्य मानून गप्प बसतात. त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, यंत्राचा नकार हा कोणा तरी माणसाने, कोणत्या तरी वर्षी, त्या वेळच्या माहितीवर लिहिलेला नकार असतो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारण्याची सवय मुलांना लावावी. इतिहासाचा अभ्यास करणारा जुन्या कागदाला हेच तीन प्रश्न विचारतो. तेव्हा अशी सवय लागलेला विद्यार्थी संगणकाच्या वर्गात बसला असला, तरी तो आमच्याच शाखेचा आहे असे मी मानतो.